कम्प्युटरनं नाई, म्या पकडून देल्ला

जऊळका, कोजागिरीचा दुसरा दिवस

अन् वरून पेपरात फोटू तुहा! ‘आधुनिक तंत्रानं भामटा जेरबंद.’ वा रे तंत्र! मुन्ना, हवालदार झाला म्हणून सख्ख्या बहिणीच्या घराले कान लावून बसला, अन् बहिणीलेच सांगतलं नाई? असो. आशीर्वाद घे. तुह्या बायकोचे, साधनाचे गुडघे कसे आहेत? इकडं सारे बरे.

आमचा भाडेकरू वीरेंद्र कम्प्युटरवर फवारणीचे पंप विके. लोकाईले खोक्यात पंपाच्या जागी विटा भेटल्या. आमाले भी वीटच (चांगली भाजेल होती, चुलीले लावली). तरी तुहे भाऊजी म्हणे, पोट्टं गुणाचं आहे, कुरियरवाल्याचा घोळ असन! दसऱ्याच्या आधी गुणाचं पोट्टं तो घडीचा कम्प्युटर टाकून पळालं. त्या डब्ब्यात तुमी पोलिसायनं चोरून ऐकणारं सॉफ्टवेअर घातलं, हे आमाले काय मालूम? दसऱ्याले म्या इळा, खुरपं, शिलाई मशीन पुजली. म्हटलं, चोर तो, यंत्रानं काय पाप केलं? झाकण उघडून त्याले भी हळद-कुंकू वाह्यलं. ते चालू झालं. तोंड माहं आधीच चालू होतं (पूजेत मौन पाळाले मी काही साधू नाई). म्या तुह्या भाऊजीले म्हटलं, तुमचा हिरा अनसिंगले त्याच्या मावशीच्या घरी लपला हाय. परवा बाजारात तिनं गड्याच्या चड्ड्या घेतल्या. एकट्या बाईले त्या कायले लागते?

तुमी ते ऐकलं, गाडी काढली, अन् त्याले जेवत्या ताटावरून उचललं. कम्प्युटर न्यायले आला तवा तुहा शिपाई अश्वजितच हासत बोलून गेला, “ताई, महिनाभर कान लावून आमाले काई भेटलं नाई. तुमी एका पूजेत पत्ता देल्ला!” म्या साऱ्या गावाले सांगतलं. आता मी दिसली का बाया आवाज खाली करते. करूच दे!

सत्काराची शाल माही आहे. साधनाले घालू नको.

तुही मोठी बहीण,
तुळसा

ता.क. साधनाच्या पुरणपोळीबद्दल त्या पूजेत जे निंगालं, तेवढं पुसून टाक. ऐकलं असन तर इसरून जा.

ता.क. शाल राहू दे. खरं काम येगळंच आहे. चड्ड्याईचं ऐकून तुहे भाऊजी म्हणाले, “हो बाई, तुहंच खरं.” लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! अन् आता साफ मुकरते, म्हणते मी असं बोललोच नाई. तेवढा तुकडा माह्या मोबाइलवर पाठव. सरकारी पुरावा असन तर साहेबाच्या पाया पड. पण भाऊबीजेच्या आत जबाब पाहिजे, होय का नाई.