अर्नेस्टीन येण्याआधी लॉन

मंगळवार, १ ऑक्टोबर १९१२. सकाळी सात वाजून वीस मिनिटे.

आज या क्षणी माझ्यावर अन्याय झाला. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे. बाईंना नीट आठवत नसेल, असे पुढे कोणी म्हणायला नको.

व्हरांड्याचे दार उघडले, तर समोर लॉन नव्हते. जूनमध्ये पुण्याहून बी मागवून मी स्वतः पेरलेले, पावसाने पोसलेले माझे लॉन. त्या जागी शेणाचा सडा, आणि मधोमध खुरपे घेऊन आकाराम. आठ वर्षे हा माझ्याकडे पाणी भरतो, झाडलोट करतो. दर पावसाळ्यात हातकणंगल्याकडे भावाच्या शेतावर जातो, तो काल संध्याकाळी परत आला. घामाने थबथबलेला, तोंडावर शाबासकीची अपेक्षा. म्हणाला, मडमबाई, चार म्हयने न्हवतो तर दारात काय रान माजलं की! पहाटंपास्नं लागलोय. आता बघा, आरसा!

मी म्हटले, ते लॉन होते. तो म्हणाला, व्हय, लई हुतं, पर मुळासकट काढलं.

वर हेही म्हणाला की दारात गवत म्हणजे घरात माणूस नाही. काल लांबून बघून त्याला वाटले, मडमबाई गेल्या की काय!

मी रागावले नाही. बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस होते, रागावणे माझ्या स्वभावात नाही. खुरपे विहिरीत टाकले आणि त्याला कामावरून काढले, एवढेच.

त्याच दिवशी, दुपारी.

मुद्दा असा की अर्नेस्टीन २३ नोव्हेंबरला येते आहे. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सात वर्षे माझ्या शेजारी बसून माझी गणिते उतरवणारी आणि पुढे डॉक्टर ब्रागांझांशी लग्न करून बंगला आणि फिटन गाडी मिळवणारी अर्नेस्टीन. तीन वर्षे मी तिला प्रत्येक पत्रात लिहीत आले आहे की संध्याकाळचा चहा मी माझ्या लॉनवर घेते. हे खोटे नव्हे. जरा अगोदर लिहिले, इतकेच.

तिचे मत काय होईल याची मला काडीची पर्वा नाही. फक्त लॉन हवे. त्रेपन्न दिवस आहेत. भरपूर झाले.

गुरुवार, ३ ऑक्टोबर.

योग्य माणूस मिळाला. ख्वाजा. एका इंग्रज साहेबाच्या बागेत अकरा वर्षे होता, साहेबाची चिठ्ठीही आहे. मेंदी लावलेली दाढी, कमी बोलणे. अंगण पावलांनी मोजले, माती चिमटीत घेऊन हुंगली. म्हणाला, मडमसाब, नदीकाठची हरळी आणतो, गादीवानी अंथरतो, म्हैन्यात हिरवंगार.

याला म्हणतात प्रोफेशनल. आकारामने माती कधी हुंगली होती का?

शनिवार, १२ ऑक्टोबर.

दोन गाड्या भरून हरळीचे थर आले. अंथरले. बाभळीच्या काट्यांचे कुंपणही ख्वाजाने घातले. दुरून बघितले तर अगदी इंग्लंड. इंग्लंड मी पाहिलेले नाही, पण कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेटने वर्णन केलेले चोख आठवते.

ख्वाजा म्हणतो कुजलेले शेणखत पसरू. मी साफ नाही म्हटले. चहाच्या वेळी वास? माझ्याकडे बागकामाचे इंग्रजी पुस्तक आहे. कापडी बांधणी, चित्रांसह. आता सर्व काही पुस्तकाप्रमाणे.

रविवार, २० ऑक्टोबर. दसरा.

पुस्तकात प्रकरण सहावे: ऑक्टोबरात लॉनला पाणी देण्याचे कारण नाही, जास्त ओलाव्याने शेवाळ धरते. म्हणून ख्वाजाच्या हातातली झारी काढून कुलपात ठेवली. आठवड्यातून एकदा, तीही माझ्या देखरेखीखाली.

ख्वाजाने पुस्तक मागितले. उलटे धरून चित्र बघितले, सरळ करून पुन्हा बघितले. मग म्हणाला, मडमसाब, किताबात पाऊस पडतोय, हितं ऊन पडतंय.

उद्धटपणा. पण क्षमा केली. सणाचा दिवस होता.

मंगळवार, २९ ऑक्टोबर.

लॉनला एक सुंदर सोनेरी छटा आली आहे. शेवाळ अजिबात नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर.

काट्यांचे कुंपण काढून टाकले. इंग्लिश लॉनला काटे नसतात, पुस्तकातल्या एकाही चित्रात नाहीत. ख्वाजा कपाळाला हात लावून उभा राहिला. त्याला सौंदर्याची जाण नाही, हे उशिरा कळले.

छटा आता तपकिरी. मधूनमधून हिरवे. मोजले: सात ठिकाणी.

रविवार, १० नोव्हेंबर. पाडवा.



समोरच्या गल्लीतला केरबा गवळी सकाळी म्हशी मिरवायला घेऊन निघाला. शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, कपाळावर मोरपिसे, मागे हलगी. त्यातली सर्वांत मोठी म्हैस मिरवणूक सोडून थेट माझ्या लॉनवर आली, सातही हिरव्या जागा एकामागून एक खाल्ल्या आणि उरलेल्यावर बसली.

मी छत्री घेऊन बाहेर आले. केरबा म्हणाला, हाकलू नगासा मडमबाई, पाडव्याला म्हस दारात बसली, म्हंजी लक्ष्मी आली! ववाळा की! गल्लीतल्या बायका निरांजन घेऊन हजर. म्हशीने माझ्याकडे असे बघितले की जणू मीच तिच्या अंगणात आले आहे.

ख्वाजा पिंपळाखाली उभा राहून हसत होता. अकरा वर्षे साहेबाकडे राहून हीच शिस्त? जाब विचारला, तर म्हणाला, मडमसाब, त्या साहेबाकडं पुस्तक न्हवतं. आणि कुरुंदवाडला मेहुणीच्या लग्नाला निघून गेला. लग्न संपल्यावर परत येणाऱ्यांतला तो वाटला नाही.

त्याला मीच काढले, अशी नोंद करून ठेवते.

बुधवार, १३ नोव्हेंबर.

दहा दिवस उरले.

कामावरून काढलेल्या माणसाच्या दारात जाणाऱ्यांतली मी नाही. आज केवळ पाय मोकळे करायला आकारामच्या गल्लीतून गेले. चार वेळा. चौथ्यांदा त्याची बायको बनाबाई म्हणाली, मडमबाई, दमलासा, आत या, पाणी घ्या.

पाणी घेतले. आकाराम म्हणाला, मला ठावं हुतं, तुमाला न्हाय करमायचं. मी त्याला स्पष्ट केले की मी त्याला एक शेवटची संधी देण्याचा विचार करते आहे. आठ-दहा दिवसांत लॉन हवे.

तो म्हणाला, आठ दिसात गवत काढता येतंय मडमबाई, आणता न्हाय येत.

मग बनाबाई बोलली, घटात धान न्हाय का उगवत? नऊ दिसात हिरवंगार, चार बोटं वर.

नवरात्रात घटाभोवती मातीत गहू पेरतात, तसा सगळ्या अंगणात पेरायचा! ही कल्पना खरे तर माझ्याच मनात येऊ घातली होती. बनाबाईने फक्त आधी उच्चारली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

दीड मण गहू भिजवून दाट पेरला. आकारामने खालची माती हातभर उकरून भुसभुशीत केली, वर कुजलेले खत. वास येतो, पण हा ताज्या हवेचा वास आहे. पाणी सकाळ-संध्याकाळ. पुस्तक कपाटात ठेवले. त्याची बांधणी खराब होत होती.

सोमवार, १८ नोव्हेंबर.

उगवला! पहाटे आकारामने दार ठोठावून उठवले. म्हणाला, मडमबाई, उठा, तुमचं लान आलं! दोघेही गुडघ्यावर बसून बघत होतो. मी फक्त तपासणी करत होते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर.

चार बोटे. एकसारखे, दाट, पोपटी. वाऱ्याने लाट उठते. अर्नेस्टीनच्या बेळगावात असे लॉन कमिशनरकडेही नसेल. आकारामने सुचवले की पावण्यांस्नी परसात बसवा, म्होरं माती लोण्यावानी हाय. परसात! विहिरीपाशी, शेणाने सारवलेल्या जमिनीवर! तो आठ वर्षे रोज तिथे सारवत असतो, म्हणून त्याला ती जागा दरबार हॉल वाटते.

वेताच्या खुर्च्या पुसून घेतल्या. पोर्सिलिनचे कप काढले.

शनिवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळी साडेसात.

शांतपणे, क्रमाने लिहिते.

साडेचारला अर्नेस्टीन आली. टांग्यातून उतरतानाच म्हणाली, ओ रोझी, सो ग्रीन! हे वाक्य ती म्हणाली, याला टांगेवाला साक्षीदार आहे. त्यानंतर जे झाले त्याने हे वाक्य रद्द होत नाही.

ती खुर्चीवर बसली. तिची प्रकृती बेळगावच्या लोण्यावर सुधारलेली आहे. कप हातात घेऊन मोठ्या मुलाच्या बॅरिस्टरीबद्दल बोलू लागली, आणि बोलता बोलता खाली जाऊ लागली. खुर्चीचे मागचे पाय सावकाश मातीत शिरत होते. मुलगा लंडनला पोचेपर्यंत ती आकाशाकडे बघत होती, आणि बॅरिस्टर झाला त्या क्षणी खुर्चीसकट उताणी पडली. चहा हॅटवर.

आडवे पडल्या पडल्या तिने एक पाते तोडले, चावून बघितले आणि म्हणाली, रोझी, धिस इज व्हीट.

मी म्हटले, नवीन जात आहे.

आकाराम धावत आला. बगलेत हात घालून तिला उभे केले. म्हणाला, चला पावणं, मागं परसात चला, तितली भुई दगडावानी घट्ट हाय, हत्ती बसला तरी हलायची न्हाय.

हत्ती शब्द वगळता त्याचे वागणे उत्तम होते.

परसात ती तीन कप चहा प्याली. चपला काढून पाय सारवलेल्या जमिनीवर टेकले. म्हणाली, किती थंड, किती स्वच्छ, एक काडी नाही. तिच्या बंगल्याला डॉक्टरांच्या हट्टापायी मोठे लॉन आहे. यंदा पावसात त्यातून दोन साप व्हरांड्यात आले. तेव्हापासून ती खिडकीतूनच बाग बघते. मग तिने विचारले, हे सगळे कोणी केले?

मी म्हटले, मीच. कोल्हापूरची खास पद्धत आहे, आकारामला मी शिकवली.

आकारामने माझ्याकडे बघितले. मग म्हणाला, व्हय, मडमबाईंनीच शिकवलं सगळं.

अर्नेस्टीन म्हणाली, मग तुला दुसरा माणूस तयार करायला काय वेळ लागणार? हा मला आठ दिवस दे.

मी म्हटले, खुशाल ने.

याहून वेगळे काय म्हणणार होते?

रविवार, २४ नोव्हेंबर.

सकाळच्या गाडीने दोघे गेले. आकारामने नवीन पटका बांधला होता. बनाबाईही गेली, स्वयंपाकाला. आठच दिवसांचा प्रश्न आहे. भेट एकंदरीत यशस्वी झाली.

सोमवार, २ डिसेंबर.

आठ दिवस संपले. गाडीची वेळ झाल्यावर सहज फाटकापर्यंत गेले. हवा खायला.

परसात पालापाचोळा साचला आहे. स्वतः सारवून बघितले. शेण कुठे घट्ट, कुठे पातळ. सुकल्यावर नकाशासारखे दिसते. यात काहीतरी युक्ती असणार, ती त्याने मला सांगितलेली नाही. पुढे गहू वीतभर झाला आहे. केरबा विचारत होता, मडमबाई, कापणीला माणसं लावायची का?

शनिवार, ७ डिसेंबर. सकाळी नऊ.

अर्नेस्टीनचे पत्र आले. आकारामने तिचे सगळे लॉन मुळासकट काढले, आणखी एक साप निघाला, अंगण आरशासारखे झाले. शेजारच्या कर्नलच्या मडमेनेही त्याला बोलावले आहे. तो सुखात आहे, बनाबाईला बेळगावचे पाणी मानवले आहे, त्यांना आता होळीपर्यंत ठेवून घ्यावे म्हणते. वर ताजा कलम: बेळगावात सगळे विचारतात, रोझीचा गहू कसा आहे?

उत्तराचा मसुदा, टपालाने आजच जाईल:

मिसेस ब्रागांझा यांस. आकाराम आठ दिवसांच्या बोलीवर दिला होता. आज चौदा झाले. इथे पाणी भरायला माणसे पुष्कळ मिळतात, पंचवीस उमेदवार दारात उभे आहेत, तेव्हा गरजेचा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. त्याला विचारून सांगावे की तो येतो आहे की नाही. आल्यास पुढच्या अंगणातले त्याला हवे ते काढावे, माझी हरकत नाही. सकाळी दार ठोठावायलाही हरकत नाही.

उत्तर शनिवार, १४ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मिळावे. लेखीच हवे. त्याला लिहिता येत नाही, तेव्हा अंगठा चालेल.