खाली वाकण्याच्या तीन पद्धती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात माझे हात गुडघ्याखाली चार बोटं जाऊन थांबतात, उरलेला नमस्कार गृहीत धरावा.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुला ठाऊकच आहे, आमच्या दुकानात छाती-कंबर माझी आणि जमिनीकडचं सगळं तुझ्या भावजयीचं. मी उभ्याने मापं घ्यायचो, ही खाली बसून पँटच्या तळाला टाचण्या लावायची. एकतीस वर्षं मी वाकलोच नाही. ती गेल्याला सात महिने झाले, तेव्हापासून लांबी अंदाजाने धरतो. बँकेतल्या साहेबांची पँट घोट्याच्या वर राहिली आणि मुख्याध्यापकांचे बूटच दिसेनासे झाले. (गिऱ्हाईकाला टेबलावर उभं करून पाहिलं. ते सारखं पंख्याकडे बघतं.) कोणी भांडत नाही, नुसते येईनासे झालेत. मला वाकता आलं नाही तर दुकान जाणार.

म्हणून फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत म्हणाल्या. एक पद्धत अशी, की टाच खुर्चीवर ठेवून पुढे वाकायचं आणि तीस आकडे मोजेपर्यंत तसंच राहायचं. दुसरीत भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवायचा. आता दोन्ही तुकडे धुतल्याशिवाय कुठलं कापड जास्त आटतं हे शिंप्याला कसं कळणार? मी डाव्या पायाला पहिली लावली, उजव्याला दुसरी, आणि रोज टेपने मापलं. तीन आठवड्यांत डावा दीड इंच सुटला, उजवा अर्धा इंच, शिवाय त्याने इस्त्री पाडली. हे ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं.

तिसरी पद्धत सगळ्यांत भारी. आपण पाठीवर पडायचं, दुसऱ्याने पाय वर धरायचा. त्याच्या हातावर सहा आकडे जोर लावून पाय सैल सोडला, की तो आणखी वर नेतो. बाईंनी एकदाच केलं आणि दोन इंच मिळाले. घरी कोणाकडून तरी रोज करून घ्या, म्हणाल्या. मी हो म्हणालो. घरी येऊन दुकानातल्या पुतळ्याच्या खांद्याला पाय लावला. पुतळा कोटासकट माझ्या अंगावर आला. त्याच्याखाली आधी हसलो आणि मग खूप रडलो, ताई. ती असती तर तिने पहिल्यांदा कोट फाटला का ते बघितलं असतं.

बाकी ठीक.

तुझा धाकटा

ता. क. ती गेली तेव्हा तू राहते म्हणालीस, आणि मी तुला तोडून बोललो, की मला कोणाची गरज नाही. ते चुकलं. आठ दिवस येऊन माझा पाय धरशील का? (थोरल्या बहिणीला काय सांगतोय ते मला कळतं.)

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहितोय. सोमवारी सकाळी माझी बोटं जमिनीला टेकली, कोणीही पाय न धरता. तुला बोलवायला काहीतरी कारण हवं, म्हणून वर लपवलं. बोटं टेकल्याबरोबर मी आतल्या खोलीकडे बघून म्हणालो, "अगं, हे बघ." आणि तसाच वाकून थोडा वेळ वाट बघितली. पायाचं राहू दे. तू ये.