हळकुंडाचं मंगळसूत्र

४ मार्च

आज मिथुनने पुन्हा हात उचलला! ओठ फुटला. कारण काय — वाट्या. दिवाळीत माझ्या मंगळसूत्रातल्या दोन्ही वाट्या त्यानेच जोतीरामशेठच्या पेढीवर गहाण टाकल्या. आता त्यांच्यावर अजून उचल पाहिजे, शेठ देत नाही. म्हणून नवऱ्याचा मार मी खायचा!

काळे मणी तेवढे गळ्यात आहेत. शेठ ते कधीच ठेवून घेत नाही. वाट्या काढतो, त्यांच्या जागी हळकुंड ओवतो आणि माळ परत देतो. आमच्या शिरवण्यात अशा हळकुंडवाल्या आम्ही कितीतरी.

७ मार्च

सासूबाई माझी पाठ शेकत होत्या. म्हणाल्या, "शेठच्या बापाकडं आमी लावनीला हंडे ठेवायचो, भात आला का सोडवायचो. बँकेत आमाला कोन उभं करनार?" मी म्हटलं, ते राहू द्या, मुलाला आवरा. तर पुन्हा पाठ शेकायला लागल्या! असला संताप आला.

९ मार्च

मिथुनने दंडाला धरून मला पेढीवर नेलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. आत शिरून शटर ओढलं. "वाट्या दाखव!" शेठ म्हणाला, "माल सुखरूप हाय. पन आज दाखवनार नाय." पुन्हा पुन्हा तेच. विकून खाल्ल्या म्हाताऱ्याने! मीच ओरडले — चोर!

मिथुनने कळंबोलीच्या लोखंडबाजारातून आणलेली सळई काढली. आधी काच. मग खांदा. मग डोकं, दोनदा. गादीवर रक्तच रक्त! शेठने हात वर केले, पण बोलला नाही. तिजोरी उपसली, वाट्या नव्हत्या.

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आज माझ्याऐवजी दुसऱ्याला पडत होतं.

१० मार्च

शेठ शुद्धीवर नाही. मिथुन पोटभर जेवला. पोलीस आले तर सांगायचं, तो काल दिवसभर घरीच होता. गळा दाबून सांगितलंय. सांगेन.

११ मार्च

शेठ गेला.

सासूबाईंनी कमरेची चंची सोडली. आत माझ्या वाट्या! "माझ्या बुगड्या ठेवून संक्रांतीलाच सोडवल्या. मिथुनला कललं तर तुला मारून त्या घेऊन विकंल, म्हनून शेठला शपथ घातली, कोनाला सांगू नको."

मग चपला घालून ठाण्यात गेल्या. मुलाचं नाव त्यांनीच सांगितलं. मी सोबत होते.