जुन्या टाक्यांवरचा डाग

भिसेगाव, ९ फेब्रुवारी २०२४

चि. राजेश,

अनेक आशीर्वाद. सवयीने हाताने लिहिले, मनात शिव्या आहेत. फोन बंद ठेवून बसलास, म्हणून हे शेजारच्या रूपेशच्या हाती पाठवते आहे. इकडे माझ्या रुद्रची परीक्षा जवळ आली आहे, बाकी सगळे बरे. तुझा जबडा कसा आहे? बत्ता मी डोक्यावर उगारला होता, नेम चुकला.

आबांची कावीळ उतरलेली नाही. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, दुर्बिणीने निघाला नाही. पोट उघडायचे, तर नेमका तिथेच तू काविळीचे डाग देणाऱ्या नागूला डाग द्यायला लावलास. तो म्हणाला, "अल्सरच्या आपरेशनच्या टायमाला पोटाची नस कापलीय ना, ती झोपलीय. म्हनून कावीळ. सळईनं जागी करतो." आणि तू ते खरे मानलेस. सख्ख्या बापाच्या पायांवर बसलास. मी दारात आले तेव्हा आबा ओरडत होते, "राजेश, सोड रं," आणि लाल सळई जुन्या टाक्यांवरून फिरत होती. कातडी जळल्याचा वास माझ्या साडीतून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, अशा तुंबलेल्या काविळीत पोटाचे आतले अस्तर सोलवटते, रक्त वाहून माणूस दगावतो. आबांची आम्ल सोडायला लावणारी नस त्या जुन्या ऑपरेशनात कापलेली, म्हणून आम्ल कमी सुटते. बहुधा त्यामुळेच रक्त थांबले. तुम्ही जी जागी करायला निघालात, ती नस कापलेली होती म्हणून आपला बाप जिवंत आहे, समजले?

आता डागात पू झालाय. तिथून चिरता येत नाही आणि थांबताही येत नाही. उद्या बाजूने चिरणार आहेत. वाचतील की नाही, कुणी छातीठोक सांगत नाही.

एक लिहायचे टाळत होते. तुझ्यावर मी पोलिसांत तक्रार दिली होती. आबांना कळले तशी त्यांनी हातातली सलाईनची सुई उपटली. रक्त माझ्या तोंडावर उडाले. "पोरावरची केस मागं घे, नायतर पोट कापू देनार नाय. त्यानं मला बरं करायलाच धरलं व्हतं." मी आज पोलिसांत जाऊन सांगितले, आबा चुलीवर पडून भाजले.

ते त्यांच्यासाठी, तुझ्यासाठी नाही. वाचले तर घरी ये, भाकरी वाढीन. नाही वाचले, तर अग्नी मी देईन. तुझ्या हातचा विस्तव त्यांना एकदा लागला, तेवढा पुरे.

अजून तरी तुझी ताई,
छाया