हळदकुंकवाची गुणपत्रिका

सॅन होजे, २ जून २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उन्मेषमामाकडे सगळे मजेत. इथल्या कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं संपली आणि विद्यापीठात गणित-अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला जागा मिळाली, हे फोनवर ओरडून सांगितलंच आहे. आता गोंधळ ऐक. त्याआधी नागपूरच्या कॉलेजात केलेल्या एका वर्षाची गुणपत्रिका सीलबंद पाकिटातच यायला हवी होती. तू पाठवलेलं पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं निघालं, आणि आत चारही कोपऱ्यांना हळदकुंकू! विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, की हे डाग कसले. मी काय सांगणार, कपाळ?

एक जुलैपर्यंत नवं पाकीट पोचलं नाही तर प्रवेश रद्द, आणि मला घरी परत यावं लागेल. सोबत माझ्या सहीचा अर्ज आहे; कॉलेजला मूळ सहीच लागते. एवढ्या उन्हात बाबांना पाठवू नकोस, तूच सकाळी जाऊन ये. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
नूपुर

महाल, नागपूर, १२ जून २०२५

चि. नूपुर हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझे बाबा शेजारी कान देऊन बसतात, म्हणून लिहिते. परवा कॉलेजात गेले. तिथल्या महादेवराव कारकुनांनी अर्ज पाहून कपाळाला हात लावला. म्हणाले, की मागच्याच वेळी तुम्हाले सांगितलं होतं नं बाई, सील उघडाल तर कागद बेकार होते म्हणून. मग काहून उघडलं?

सांगितलं होतं, खरं आहे. पहिलीपासून तुझा एकही कागद हळदकुंकवाशिवाय घराबाहेर गेला नाही, हे एक कारण. पण पाकीट उघडताना माझे हात थांबले होते गं. मनात आलं, नाही चाललं तर नाही चाललं, पोरगी घरी तरी येईल. दोन वर्षं तुझी खोली झाडते, कोणी झोपत नाही तरी चादर बदलते. तुझी फार आठवण येते. आईनं असं करू नये. मी केलं.

नवं पाकीट मी हातात घेतलंच नाही. महादेवरावांनाच कुरिअरच्या दुकानात नेलं आणि त्यांच्या हातून पाठवलं. हळदकुंकू या पत्राला लावलंय, हे खुशाल उघड. रागावली असलीस तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
आई

सॅन होजे, २० जून २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. बाईंनी सील उलटसुलट निरखलं आणि शिक्का मारला. प्रवेश पक्का झाला. म्हणजे आणखी दोन वर्षं.

तुझं पत्र वाचून एक अख्खा दिवस रागावले होते. मग वाटलं, सगळा गुन्हा तुझ्या एकटीच्या माथी कशाला? पहिलं पाकीट नाकारलं, तेव्हा मी तुला लगेच फोन केला नाही. कार्यालयाच्या पायरीवर बसून आधी नागपूरच्या विमानाचं तिकीट शोधलं. अकरा जूनचं मिळतही होतं. बराच वेळ ते नुसतं बघत बसले, रडले, आणि घरी येऊन अर्जावर सही केली.

जुनी गुणपत्रिका त्यांनी परत दिली. ती अभ्यासाच्या टेबलासमोर लावली आहे. बाबांना नमस्कार, त्यांना यातलं काही सांगणार नाही. चादर मात्र बदलत राहा.

तुझीच,
नूपुर