तुमच्या ताटातला घेवडा

पिंपरी, कारखान्याची कॉलनी

प्रिय अक्का,

नमस्कार. जिथं असाल तिथं पोचो.

हा तिसरा कागद. आधीचे दोन चुलीत घातले. एकात नुसतीच तुमच्यावर चिडले होते, दुसऱ्यात नुसतीच रडले होते. धुणं तसंच पडलंय, भाजी चिरायची राहिलीय, आणि मी दारापर्यंत जाते, परत येते, पुन्हा लिहायला बसते. सोमवारी महिला केंद्रात मला उभं राहून बोलायचंय, अक्का! नर्सबाई म्हणाल्या, "मका-घेवड्यात केवढा कस असतो ते तुम्हीच सांगा बायकांना. वर्षाच्या वर करताय." मी हो म्हणून बसले. आणि परवा तुमच्या इंदूनं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

ते सांगते. पण आधी मागचं सगळं एकदा निवडून बघू द्या.

केंद्रात ती गोरी बाई आली होती, आठवते? कारखान्यातल्या परदेशी इंजिनियरांची बायको. तिचं लहानपण मेक्सिको नावाच्या मुलखात गेलेलं. तिनं मका चुन्याच्या निवळीत शिजवून रात्रभर ठेवलेला होता. आमच्यासमोर तो चोळून, धुऊन पाट्यावर वाटला, पातळ भाकऱ्या केल्या. वर शिजवून ठेचलेला लाल घेवडा, कच्चा कांदा, टोमॅटो, मिरची आणि लिंबू. तुम्ही पदर तोंडाला लावून मला कोपरानं ढोसलंत. "अगं, ही तर आपली भाकरी-उसळ! एवढ्यासाठी बाई सात समुद्र वलांडून आली व्हय?" मी अशी फिस्सकन हसले की नर्सबाईंनी डोळे वटारले.

मग त्यांनी बाईचं बोलणं मराठीत सांगितलं. मक्यात जे कमी असतं ते घेवड्यात असतं, घेवड्यात कमी ते मक्यात. दोन्ही एका जेवणात पोटात गेलं की मांसासारखा कस मिळतो. चुन्यानं हाडं बळकट होतात. त्या मुलखातले कष्टकरी पिढ्यान्‌पिढ्या ह्यावर उभे आहेत. मी ऐकत होते आणि तुम्ही मात्र मोजत होतात, एवढ्या खटपटीला सरपण किती लागेल!

त्याच महिन्यात तुम्हाला नळावर चक्कर आली. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, अंगात रक्तच नाही. अंडी खा, मटणाचा रस्सा प्या.

"गळ्यात माळ हाय, डाक्टर," तुम्ही म्हणालात. "जीव गेला तरी बाटवायची न्हाई."

भावजी दारात उभे होते, तोंड पाडून. तुमच्या नवऱ्याला मी कधी असं पाहिलं नव्हतं. मी पुढं झाले आणि म्हटलं, "मटणाशिवाय उभं करते मी अक्कांना." केवढी घमेंड माझी! धाकटी जाऊ ती, सातवी शिकलेली, म्हणून का?

पण केलं मी. नाही म्हणू नका. साताऱ्याकडून माहेरचा वाघ्या घेवडा मागवला. मका शिजवायला चुना तुमच्या पानाच्या डबीतला चोरायची आणि तुमच्या शिव्या खायची. भावजी, हे, इंदू, मी आणि तुम्ही. पाच माणसांच्या पाच मुठी घेवडा रोज भिजत घालायची आणि वर एक सहावी. ती तुमच्यासाठी.

तरी तुम्ही पांढऱ्याच पडत गेलात. मग चार दिवसांचा ताप आला, आणि संपलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात झुंजायला काही उरलंच नव्हतं. दहाव्याला तळवड्याची तुमची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "दोन वाट्या रस्सा पाजला असता तर उठली असती पोर. ह्यास्नी परदेशी खूळ!" मला तेव्हा सातवा महिना होता. मी भिंतीला टेकून सगळं ऐकलं.

तेव्हापासून एकच किडा डोकं पोखरतोय. घेवडा माझ्या अंगी लागला. इंदू हातभर वाढली. माझी सुमी गुटगुटीत जन्मली. मग तो तुमच्याच अंगी का लागला नाही?

परवा उत्तर मिळालं. इंदू ओट्यावर शेजारच्या शेखबाईंच्या मुनीबरोबर भातुकली खेळत होती. पानांच्या भाकऱ्या, खड्यांचा घेवडा. बाबांना वाढलं, काकांना वाढलं, मुलीला वाढलं, काकीला वाढलं. मग रिकामी बोळकी खरवडली आणि स्वतःपुढं एक पान आणि चिमूटभर माती घेऊन बसली.

मी सहज विचारलं, "तुझा घेवडा कुठाय गं?"

"मी आई झालेय ना! आईचा संपतो."

"रोज?"

"रोजच. बाबा ओव्हरटाइम करून यायचे, त्यांना दोनदा. तुझ्या पोटात बाळ होतं, म्हणून तुला दोनदा. मग आई भाकरी आणि मीठ खायची. मी माझा देऊ लागले की म्हणायची, गप, काकीला सांगू नगंस."

अक्का! सहावी मूठ कुणासाठी होती? आणि पाचवीसुद्धा तुम्ही वाटून टाकलीत? माळेसाठी मटणाला शिवला नाहीत, ते मी समजले. घेवड्याला कुठली माळ आडवी आली होती?

आणि मी! मुठी मोजल्या, निवळी मोजली, पण तुमचं ताट एकदाही बघितलं नाही. तुम्ही चुलीकडं तोंड करून शेवटी जेवायचात. मी आधी जेवून हात धुवायची, आणि घरातल्या थोरल्या बाईनं शेवटी जेवायचं यात मला काही वावगं वाटायचंच नाही. तुम्ही वाढलेलं दुसऱ्यांदाही घेतलं मी. नको म्हटलं नाही.

सुमी आता भिंतीला धरून उभी राहते. सगळे कौतुक करतात, आणि मला तिच्या पायांकडं बघवत नाही.

आज दुपारी घेवडा शिजला. पहिलं ताट इंदूचं वाढलं, भावजींच्याही आधी. पोर घाबरून त्यांच्याकडं बघायला लागली. भावजींना मी परवाच सगळं सांगितलंय. "खा, बाळा," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

सोमवारचं ठरलंय माझं. कस मागाहून सांगीन. आधी बायकांना पंगतीत बसवीन, वाढीन, आणि शेवटचा घास संपेपर्यंत समोरून हलणार नाही. इंदूचं तर वचनच देते तुम्हाला. ह्या घरात नाही, की उद्या ज्या घरी जाईल तिथं नाही, 'माझा संपतो' असं ती कधी म्हणणार नाही.

तुमच्या वाटचं खाल्लेली,
कुसुम