निळा ब्लाउज आत घेतला तेव्हा

सुगंधा,

भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवल्यात. मी माहीमला मावशीकडे जातेय.

परवा तू म्हणालीस, "ताई, पालघरला नोकरीची मुलाखत आहे. हा तयार ब्लाउज ढगळ होतो, अंगाबरोबर करून दे ना." कापड रबरासारखं ताणलं जाणारं, त्यावर सरळ टाका तुटतो. म्हणून दोन्ही बाजू हाताने नागमोडी टाके घालून आत घेतल्या. तू घालून दाखवलास तेव्हा तुझी दृष्टही काढली.

आज नळावर भगवंतची आत्या भेटली. म्हणाली, "निळ्या ब्लाउजातली धाकटीच आमच्या पोराला पसंत पडली. काल तुझी आईच घेऊन आली होती तिला."

तारापूरला वीजकेंद्राच्या कामावर असलेला हाच भगवंत दिवाळीत मला बघून होकार देऊन गेला होता. त्याला दाखवायला तुला मीच नटवलं.

आईला सगळं ठाऊक होतं, हे जास्त लागलं. तू सरळ सांगितलं असतंस तर मी रडले असते, पण बाजूला झाले असते गं.

मला न्यायला दादांना पाठवू नका. कात्री आणि सुया मी घेऊन जातेय. लग्नाचे कपडे बाहेरून शिवून घ्या.

झुंबर